रानगुलाबाचा अर्क, बाटली नंबर तीन

तुम्ही मला निरक्षर लिहिलंत. तुमच्या संस्थेच्या चौकशी अहवालाचं चौथं पान, वरून सातवी ओळ : "सदर महिला कर्मचारी निरक्षर असल्याने बाटलीवरील सूचना तिला वाचता आली नाही." खोटं आहे हे. साफ खोटं. मी सातवी पास आहे. त्यानंतर वाण्याच्या पुडीच्या कागदापासून कोर्टाच्या नोटिशीपर्यंत हाताला लागेल ते वाचत आलेय. तुमचा अहवालसुद्धा अर्जावर अर्ज करून मीच मिळवला आणि मीच वाचला. कुणी वाचून दाखवला नाही. आता मी लिहिते आणि तुम्ही वाचा.

त्या गुरुवारी आम्ही सकाळपासून रानगुलाबाची फळं फोडत होतो. गुलाबाला फळ येतं हे मला तुमच्या संस्थेत येईपर्यंत माहीत नव्हतं. बोराएवढी असतात, वाळली की सुरकुततात, रंग गडद लाल. ऋजुताताईंनी हिमाचलात, लाहौलच्या डोंगरात जाऊन ती तोडून आणली होती, दोन पोती. ऋजुताताई म्हणजे त्या फळांवर संशोधन करणारी मुलगी, सव्वीस-सत्तावीसची. आणि मी इंदुमती वाघमोडे, काचसामान धुणारी, फरशी पुसणारी, पाहुणे आले की चहा फिरवणारी. फळ उभं चिरायचं, आतलं बी आणि लव खरवडून टाकायची, नुसती साल ठेवायची, असं काम. ती लव फार वाईट. कातडीत शिरली की दोन दिवस खाज जात नाही.

"इंदूताई, हातमोजे घाला म्हटलं ना मी."

"मोज्यात चाकू सटकतो, ताई."

"मग बसा खाजवत."

"बसते. तेवढंच घरी सासूला काम."

ताई हसल्या. आम्ही दोघी अशाच बोलायचो. त्या मला कधी 'ए बाई' म्हणाल्या नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे तुम्ही सगळं त्यांच्यावर आणि माझ्यावर ढकललंत.

दुपारी तीनला पाहुणे आले. दहा-बारा जण, त्यांत दोन बायका रेशमी साड्या नेसलेल्या. संस्थेच्या मोठ्या सरांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की फळांचं सरबत करा. मी केलं. फळं पाण्यात उकळली, गाळली, साखर घातली, स्टीलच्या जगात भरून जग फ्रीजमध्ये ठेवला. कुठल्या फ्रीजमध्ये? आमच्या मजल्यावर फ्रीज एकच होता. त्यातच ताईंच्या बाटल्या असायच्या, त्यातच सरांचं दही, त्यातच माझा जग. तुमच्या अहवालात त्या फ्रीजला 'रसायनांचे शीतकपाट' म्हटलंय. दह्याचं नाव नाही.

सरांनी पाहुण्यांसमोर एक नळी धरली. आत जांभळं पाणी, शाईसारखं दाट.

"हे बघा," सर म्हणाले, अगदी साध्या मराठीत, "आपल्या शरीराला रोज गंज चढतो. लोखंडाला चढतो ना, तसाच. म्हातारपण म्हणजे काय? गंज. डोळ्यांचा पडदा झिजतो तो कशाने? गंजाने. समजा हे जांभळं म्हणजे तो गंज. आता गंमत बघा."

फ्रीजमधून त्यांनी बाटली काढली. काचेची, चपटी, वर निळं बूच. आत लालभडक. त्यातले चार थेंब नळीत सोडले. जांभळं फिकं होत गेलं, मग धुरकट झालं, मग मधासारखं पिवळं. मी ट्रे घेऊन दाराशी उभी होते. माझ्या डोळ्यांदेखत झालं ते.

"जादूच की हो!" एक साडीवाली म्हणाली.

"जादू नाही, बाई. अँटिऑक्सिडंट. रानगुलाबात इतकं भरलेलं असतं की आवळ्याने मान खाली घालावी. किलोभर फळांचं सत्त्व आहे या बाटलीत." आणि लगेच, "इंदूबाई, द्या बरं सरबत सगळ्यांना. याच फळांचं आहे, घ्या, घ्या."

मी सरबत फिरवलं. तेही लाल. पाहुण्यांनी मिटक्या मारत प्यायलं. माझ्या कानात मात्र एकच शब्द अडकला होता. पडदा.

माझी सोनल तेव्हा दहा वर्षांची. दिवस मावळला की तिला ठेचा लागायच्या. आधी आम्ही वेंधळी म्हणायचो. एकदा चप्पलही मारली होती मी तिला, दूध सांडलं म्हणून. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा झिजतोय, हळूहळू झिजत जाणार, यावर औषध नाही. "औषध नाही म्हणजे?" मी विचारलं. ते म्हणाले, "म्हणजे नाही." दोन वर्षं झाली होती त्याला. ती दोन वर्षं मी रोज संध्याकाळी मुद्दाम तिच्यापासून चार पावलांवर उभी राहायचे आणि बोटं दाखवायचे. किती? तीन. किती? दोन. मग एक दिवस ती म्हणाली, "आई, तू कुठंयस?"

पाहुणे गेले. ताई लायब्ररीत गेल्या. मी ग्लास धुतले, जग धुतला, तो ठेवायला फ्रीज उघडला आणि समोर ती बाटली.

चोरी केली. हो. स्वतःच्या हाताने उचलली, डबा गुंडाळायच्या फडक्यात बांधली आणि पिशवीत घातली. जिना कठडा धरून उतरले. पोत्यातली मूठभर फळं उचलली असती तर काही झालं नसतं, आंबटढाण चटणी झाली असती फार तर. पण मला फळं नको होती. मला सत्त्व पाहिजे होतं.

बाटलीवर पांढरी चिठ्ठी होती, इंग्रजीत. आकडा तीन. खाली चार अक्षरं. इंग्रजी अक्षरं मला ओळखता येतात. एम, ई, ओ, एच. कुठल्या सातवीच्या पुस्तकात याचा अर्थ दिलाय ते दाखवा मला. माझा दीर बीए आहे, त्यालाही आला नाही. हीच तुमची 'सूचना'.

घरी सासू होती. गिरजाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. नवरा ट्रकवर, त्या आठवड्यात इंदूरच्या फेरीला. म्हणजे घरात आम्ही तिघीच.

"काय गं ते फडक्यात?"

"सोनीच्या डोळ्यांचं औषध."

"कुणी दिलं?"

"सरांनी."

"सरांनी दिलं आणि भाकरीच्या फडक्यात बांधून दिलं?" म्हातारीने बूच काढून वास घेतला आणि डोकं मागे घेतलं. "ही तर दारू गं."

"दारू नाही. होमिओपॅथीचे थेंब आणले होते तेव्हा असाच वास होता की नाही? उद्या सकाळी अनशापोटी चमचाभर देणार. तुम्ही मध्ये पडू नका."

"मी कशाला पडते. माझं ऐकतं कोण हितं? मी आपली दाराआडची केरसुणी."

सोनल बाटली दिव्यासमोर धरून बघत होती. "आई, लाल दिसतंय मला. एकदम लाल." तिला ते लाल दिसलं याचाच मला इतका आनंद झाला की मी तिला जवळ ओढली.

मग मी नळावर पाण्याला गेले. पाऊणएक तास रांग होती. हा पाऊण तास लक्षात ठेवा.

सकाळी पावणेसातला, शाळेला जायच्या आधी, मी चमचा भरला. सोनलने तोंडात घेतला आणि फुर्र केलं. अर्धा चमचा फ्रॉकवर.

"ई! जळतंय! तिखट आहे हे!"

"गीळ. औषध आहे."

"घशात जळतंय, आई."

आत्याबाई दारात उभ्या होत्या, कपाळाला हात लावून. मला वाटलं आता भांडतील. तर म्हणाल्या, "दे दे. काही होत नाही."

"काल तर नाक मुरडत होतात."

"कालचं काल. आज म्हणते ना दे."

"मग दुपारी साडेबाराला, ती जेवली की, अजून एक चमचा द्या. विसरू नका."

"माझं डोकं जरा ठणकतंय," त्या म्हणाल्या, "पण विसरायची नाही मी."

मी कामावर गेले. सकाळभर हलकं हलकं वाटत होतं. बीकर धुता धुता मी गुणगुणत होते, हे मला अजून आठवतं आणि अजून माझी मला शिसारी येते.

पावणेबाराच्या सुमारास ताईंनी फ्रीज उघडला. एक कप्पा, दुसरा कप्पा, परत पहिला.

"इंदूताई, माझी तीन नंबरची बाटली बघितलीत का हो?"

"नाही बा."

"काल सरांनी घेतली होती ना? त्यांनीच कुठे ठेवली असेल. काय माणूस आहे."

त्या फ्रीज लावून परत खुर्चीत बसल्या. एवढ्यावर मिटलं असतं. पण मला राहवेना. मला फक्त एवढंच ऐकायचं होतं की पोरीला चांगलं काहीतरी दिलंय मी. म्हणून विचारलं.

"ताई, ते रोज घेतलं तर किती दिवसांनी गुण येतो?"

"काय घेतलं तर?"

"ते लाल. बाटलीतलं."

ताई हसल्या. "प्यायचं? अहो, ते प्यायचं नसतं. आपण नळीत जांभळ्याचं पिवळं करतो ना, ती नुसती मोजायची तऱ्हा. नळीत होतं ते शरीरात होईलच असं नाही. आणि ते तर मिथेनॉलमध्ये—"

त्या थांबल्या. हातातलं पेन त्यांनी खाली ठेवलं, फार सावकाश.

"इंदूताई. बाटली कुठंय?"

मी परत बीकर धुवायला लागले.

"इंदूताई, कुणी प्यायलं का? बोला!"

"सोनी," मी म्हणाले. "एक चमचा. अर्धा थुंकला. मिथेनॉल म्हणजे काय, ताई?"

"विष आहे ते. चिठ्ठीवर एम, ई, ओ, एच लिहिलंय ते हेच. विषारी दारू पिऊन माणसं मरतात म्हणून पेपरात येतं ना, आंधळी होतात, तेच. कधी दिलं?"

"पावणेसातला. पण पोरगी चांगली होती, हसत शाळेत गेली—"

"ते लगेच दिसत नाही. आठ-दहा तास, कधी कधी अख्खा दिवस काही होत नाही. माणूस हिंडतो फिरतो आणि मग..." त्या कागद शोधत होत्या. "अजून दिलंय का?"

भिंतीवर घड्याळ होतं. बाराला पाच कमी. आत्याबाई विसरणाऱ्यातल्या नव्हत्या.

घरी फोन नव्हता. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे होता, पण त्याचा नंबर मला पाठ नव्हता, घरी भिंतीवर कोळशाने लिहिलेला. ताईंनी एका चिठ्ठीवर मराठीत लिहून दिलं : 'मिथेनॉल प्यायली आहे. मात्रा अर्धा ते एक चमचा. सकाळी ६.४५.' खाली सही. म्हणाल्या, "पोरीला उचला आणि सरळ सिव्हिलला जा. मी सरांना सांगून गाडी घेऊन मागोमाग येते."

मी पळाले. चपला जिन्यात राहिल्या. सहा आसनी रिक्षा भरल्याशिवाय निघेना, मी ड्रायव्हरच्या पायाशी बसून "भाऊ चल, भाऊ चल" करत होते. तो म्हणाला, "बाई, आग लागलीय का घराला?" मी म्हणाले, "हो." तेव्हा निघाला. रस्ताभर मी एकच हिशेब करत होते. शाळा सुटते साडेअकराला. घरी येते पावणेबाराला. हातपाय धुते, जेवते. ती सावकाश जेवते. देवा, तिला आज सावकाश जेवू दे. भाजीत मिरची लागू दे, रुसून बसू दे, ताट लोटू दे.

पाऊण वाजता गल्लीत शिरले. सोनल उंबऱ्यावर बसली होती. मांडीवर चमचा.

"दिलं? आजीने दिलं औषध?"

"नाही. आजी म्हणते थांब, धूर जाऊ दे मग देते."

"कसला धूर?"

"माहीत नाही. मला तर नाही दिसत. पण मला कुठं नीट दिसतं."

मी आत गेले. धूर नव्हता. आमच्याकडे गॅस होता, तोही बंद. दुपारचं ऊन थेट भिंतीवर पडलेलं. आत्याबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, तोंड दाराकडे.

"कोण? इंदू का? अगं, कुणाचं काय जळतंय बघ जरा. घरभर पांढरा धूर झालाय. सकाळपासनं वाढतोच आहे. मघाशी बाटली शोधली तर हाताला लागेना."

बाटली त्यांच्यासमोर, फळीवर होती. एक हात अंतरावर. मी ती उचलली. निम्मी संपली होती.

आधी मला काही कळेना. एक चमचा गेला होता फक्त. मग कळलं.

"आत्याबाई, तुम्ही घेतलंत हे?"

त्यांनी पदर सारखा केला.

"आत्याबाई!"

"ओरडतेस कशाला. काल तू पाण्याला गेलीस तेव्हा घेतलं. वाटीभर. तू काय आणलंस, कुठून आणलंस, मला काय ठाऊक? पोरीच्या पोटात जायच्या आधी कुणीतरी घेऊन बघायला नको? रातभर जागी राहिले. पोट दुखतंय का, घेरी येते का, बघितलं. काही झालं नाही. म्हणून तर सकाळी दे म्हणाले तुला."

मी तिथेच खाली बसले. मग उठले. सोनलला काखोटीला मारलं, म्हातारीचा हात धरला आणि बाहेर काढलं. दारात त्या अडखळल्या. नेहमीचा उंबरा, तीस वर्षांचा.

सिव्हिलला पोचलो तेव्हा एक वीस झाले होते. ड्यूटीवर तडवी नावाचे डॉक्टर, तरणे, डोळे तांबारलेले. मी ताईंची चिठ्ठी दिली, फडक्यात घासून अक्षरं पुसलेली बाटली दिली, आत्याबाईंनी वाटीभर घेतल्याचं सांगितलं. त्यांनी वास घेतला, चिठ्ठी दोनदा वाचली. सोनलच्या डोळ्यांत बॅटरी मारली, मग आत्याबाईंच्या. आत्याबाईंच्या डोळ्यांत जरा जास्त वेळ.

"चिठ्ठी कुणी लिहिली?"

"संस्थेतल्या ताईंनी. त्या येतायत मागून."

"मावशी, नीट ऐका. हे मिथेनॉल असेल तर याला उतारा म्हणजे साधी दारू. इथे इंजेक्शन नाही, म्हणजे या पोरीच्या नाकातून नळी घालून मला दारू सोडावी लागेल. दहा वर्षांची पोर आहे. मिथेनॉल नसेल आणि मी हे केलं, तर मी मेलो. मला पक्कं कळलं पाहिजे. संस्थेचा नंबर आहे?"

संस्थेचा नंबर माझ्या ओळखपत्राच्या मागे होता. डॉक्टरांनी माझ्यासमोर फोन लावला, कितीदा तरी लावला तेव्हा लागला. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. कुणीतरी उचलला. डॉक्टर बोलले, ऐकत राहिले, "नक्की ना?" असं दोनदा विचारलं. मग रिसीव्हर ठेवला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आमच्याकडे मिथेनॉलची बाटली हरवलेली नाही. आणि लाल रंगाचं असेल तर ते रानगुलाबाचं सरबत. काल पाहुण्यांनाही दिलंय. निरुपद्रवी आहे."

"खोटं बोलतायत! डॉक्टर, ते खोटं बोलतायत."

"मावशी, ते शास्त्रज्ञ आहेत. तुम्ही..." त्यांनी पुढचं गिळलं. वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता. "मी सलाईन लावतो. बघू तासाभरात."

बघू. दोन खाटा, मध्ये स्टूल, स्टुलावर मी. एका हातात सोनलचा हात, एका हातात म्हातारीचा. सोनलला विचारायची, किती? दोन. किती? चार. बरोबर सांगत होती. मग विचारायला भीती वाटायला लागली. उत्तर चुकलं तर? मी बोटं वर करायची आणि तोंड उघडायचं नाही.

पलीकडे आत्याबाई जोरजोरात श्वास घेत होत्या, पळून आल्यासारख्या. मध्येच म्हणाल्या, "दिवा लावा की गं कुणीतरी."

"आत्याबाई, दुपारचे तीन वाजलेत."

"असं होय." मग हळूच, मला एकटीलाच ऐकू येईल असं, "पोरीला नको सांगूस."

तीन पस्तीसला ऋजुताताई आल्या. धावत, केस सुटलेले, छातीशी त्यांची नोंदवही. सरांनी त्यांना केबिनमध्ये बसवून घेतलं होतं, अडीच तास. कुणाकुणाला सांगितलंस, चिठ्ठी का लिहिलीस, सही का केलीस. गाडी दिली नव्हती. शेवटी त्या उठून दार ढकलून निघाल्या आणि चालत्या बसमध्ये चढल्या. डॉक्टरांसमोर त्यांनी वही आपटली.

"बाटली नंबर तीन. माझ्या हाताने भरलीय. शुद्ध मिथेनॉल, त्यात रानगुलाबाचा अर्क. कशाची वाट बघताय तुम्ही?"

"तुमच्याच संस्थेने सांगितलं की सरबत—"

"कुणी सांगितलं?"

"नाव नाही सांगितलं."

डॉक्टरांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी खिशातून पैसे काढून माझ्या हातात कोंबले. "मावशी, पळा. चौकात दुकान आहे. सीलबंद आणा. व्होडका, व्हिस्की, काहीही."

मी दारूच्या दुकानाची पायरी त्या दिवशी पहिल्यांदा चढले. अनवाणी, पदर कमरेला. काउंटरवरचा दात काढत म्हणाला, "काय वहिनी, आज दादांना सुट्टी वाटतं?" मागचे दोघे फिदीफिदी हसले. मी म्हणाले, "पोरीला पाजायचीय. दे." त्याचं हसू तिथेच थिजलं. पैसे न मोजता त्याने बाटली दिली.

नर्सने ती पाण्यात मिसळून सोनलच्या नाकातल्या नळीतून सोडली. माझी दहा वर्षांची पोर, झिंगून हसायला लागली, मग रडायला लागली, मग "आई, खाट फिरतेय" म्हणत झोपली. ती झोपली की बेशुद्ध झाली हे मला कळेना. मी तिच्या नाकाशी बोट धरून बसले. आत्याबाईंनाही दिली. त्यांना संध्याकाळी मोठ्या इस्पितळात हलवलं, रक्त धुवायच्या यंत्रावर. जाताना स्ट्रेचरवरून त्या हवेत हात फिरवत होत्या. मी हात पुढे केला. त्यांनी बोटं चाचपली, आणि ती लवेने खाजवून सोललेली बोटं ओळखली.

"पोरीला दिसतंय?"

"दिसतंय, आत्याबाई."

"मग झालं."

सोनल वाचली. तिचा पडदा झिजतोय तो त्याच्या चालीने झिजतोय, पण त्या चमच्याने काही नेलं नाही. आत्याबाईही वाचल्या, पण तो धूर परत विरला नाही. पुढची सात वर्षं त्या आमच्या घरात हाताने भिंत चाचपत हिंडल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर सोसवल्या असत्या. सात वर्षं मी रोज सकाळी त्यांच्या हातात चहाची बशी देताना तोंड फिरवायची, त्यांना दिसत नव्हतं तरी.

तुम्ही शोध लावलात की मी चोर आहे. तो काही शोध नाही, मी पहिल्या दिवशीच कबूल केलं होतं. मला काढून टाकलंत, ठीक. ऋजुताताईंचं संशोधन बंद पाडलंत, ते ठीक नाही. त्या कुठल्याशा शाळेत शिकवतात आता. त्या गुरुवारी आणि शुक्रवारी त्या मजल्यावर इतकी शिकलेली डोकी होती. ते लाल पाणी कुणाच्या पोटात गेलं तर काय होईल, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. तो पडला एका अडाणी म्हातारीला. तिने वाटी भरून स्वतः घेतली आणि रात्रभर जागून वाट बघितली. तिची चूक एवढीच की हे विष एका रात्रीपेक्षा जास्त दम धरतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या चुकीची किंमत मी मोजतेय, तुम्ही सांगायची गरज नाही. पण मोठ्या इस्पितळातले डॉक्टर मला स्पष्ट म्हणाले होते, "दीड तास आधी सुरू झालं असतं तर एखादा डोळा कदाचित राहिला असता." कदाचित. तो 'कदाचित' मी रोज रात्री उशाला घेऊन झोपते. शुक्रवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तुमच्या संस्थेत फोन वाजला. पलीकडे एक घाबरलेला डॉक्टर होता, त्याने सरळ विचारलं की हे मिथेनॉल आहे का. ताईंनी तोपर्यंत सरांना सगळं सांगितलेलं होतं, तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी कुणीतरी रिसीव्हर उचलला आणि शांतपणे म्हणाला, सरबत आहे.

मला माफी नको, भरपाई नको, तुमची नोकरीही नको. मला एक नाव पाहिजे. तो फोन कुणी उचलला होता?